पीयूसी म्हणते पेट्रोल जास्त, स्कॅनर म्हणतो कमी – बारा वर्षांच्या गाडीचा बिघाड कुठे शोधू?

घाटवाट
नमस्कार मंडळी,

गाडी ऑगस्ट २०१३ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४. रीडिंग एक लाख अठरा हजार. सीएनजी किट नाही, पहिल्यापासून पेट्रोलवरच. रोज कोथरूड ते भोसरी आणि अधूनमधून ताम्हिणीतून माणगावला.

पीयूसी संपत आली म्हणून नेली तर नापास. आकडे असे:

आयडलला (रेस न देता) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ०.८२ टक्के, मर्यादा ०.३. हायड्रोकार्बन १६० पीपीएम, मर्यादा २००, म्हणजे तेवढं पास.
२५०० आरपीएमला सीओ ०.२४, मर्यादा ०.२. लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे अचूक) ०.९९, पास.

त्याआधीपासूनच चेक इंजिनचा दिवा लागत होता. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रण फार लीन, पेट्रोल कमी पडतंय. त्यांनी प्लग आणि एअर फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ केले, पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला. दिवा गेला आणि परत आला. पीयूसी पुन्हा नापास. आता म्हणतायत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) गेला, तो बदला. खर्च पस्तीस हजारांच्या घरात.

पैशांचं बघता येईल, पण मला कारणच पटत नाहीये. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. स्कॅनर म्हणतो कमी जळतंय. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? गाडी विकायची नाही. २०२८ ला पासिंग करून पुढची पाच वर्षंही चालवायची आहे. कृपया अनुभवी लोकांनी मार्ग दाखवा.

ओमकार_८७
इतकं डोकं लावू नका. हायवेला पंधरा-वीस मिनिटं ताणून चालवा आणि गाडी बंद न करता थेट पीयूसीला न्या. माझी दरवेळी अशीच पास होते.

रिंगरोड
सेंटर बदलून पाहा. काही ठिकाणच्या मशीनचा पाइप आणि फिल्टर इतका तुंबलेला असतो की कुठलीही गाडी नापास व्हावी.

घाटवाट
@ओमकार, भोसरीहून थेट नेली होती, गाडी चांगली तापलेली होती. @रिंगरोड, दोन वेगवेगळ्या सेंटरांवर आकडे जवळपास तेच आले.

पक्या_नाशिक
माझ्या ओळखीचा एक जण आहे, गाडी न नेता पीयूसी काढून देतो. हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नलिनी_डोंबिवली
पक्या, इथे असं सुचवू नकोस. गाडी नापास झाली आहे ती बिघाड आहे म्हणून. कागद हातात आला की बिघाड आणखी वर्षभर तसाच राहील आणि तोपर्यंत कॅट खरोखरच जाईल. शिवाय आता पीयूसी वाहन पोर्टलला जोडलेली आहे. गाडीचा फोटो जातो, मोबाइलवर ओटीपी येतो आणि नापास झाली तर कारणासकट रिजेक्शन स्लिप मिळायला हवी. वैध पीयूसी नसेल तर कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत जातो, तो वेगळाच.

घाटवाट, तुमचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवतोय. सीओ जास्त आणि कोड लीनचा, ही विसंगती हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. कॅटला अजून हात लावू देऊ नका. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, गॅस ॲनालायझर रोज हाताळते. थोडे आकडे मिळाले तर घरबसल्या बरंच सांगता येईल. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा) मिळेल का? एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ लागू झालं, म्हणजे तुमच्या गाडीला कॅटच्या मागेही सेन्सर असणार. गाडी पूर्ण तापल्यावर आधी आयडलला आणि मग २५०० ला हे वाचून इथे द्या: शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट, कूलंटचं तापमान.

पेट्रोलपंपाशेजारी
मला वाटतं हा ई-२० चा प्रताप आहे. २०१३ ची गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेलीच नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून मिश्रण लीन होतं आणि पी०१७१ येतो. माझ्या जुन्या गाडीचं ॲव्हरेजही तेव्हापासून उतरलंय.

विस्फारित
+१. सगळ्या जुन्या गाड्यांचं हेच चाललंय.

नलिनी_डोंबिवली
@पेट्रोलपंपाशेजारी, अर्धा मुद्दा बरोबर आहे. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढीच हवा असताना पेट्रोल जास्त सोडावं लागतं आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ते सोडतोही. ट्रिम काही टक्के वर सरकतो. इथेनॉलमध्ये ऊर्जाही कमी, म्हणून ॲव्हरेज उतरतं, त्यात वाद नाही. पण याने सीओ वाढायचं कारण नाही. सेन्सर शाबूत असेल तर ईसीयू मिश्रण पुन्हा लॅम्डा १ वरच आणून ठेवतो. उलट मिश्रण स्वतःहून सुधारू न शकणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ई-२० ने सीओ घटतो. घाटवाटांची गाडी मर्यादेच्या पावणेतीन पट सीओ सोडतेय, त्याला दुसरं काहीतरी कारण आहे.

काका_सांगलीकर
राम राम. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, आता पोरगा बघतो. आमच्या वेळी पीयूसी म्हणजे मिक्स्चर स्क्रू अर्धा आटा आत आणि आयडल स्क्रू जरा बाहेर, झालं काम. त्या गाड्यांना सीओ तीन टक्क्यांपर्यंत चालायचा, अजूनही चालतो. बीएस-२ आणि ३ ला ०.५, आणि तुमच्या बीएस-४ ला ०.३. तिथं स्क्रू फिरवून भागत नाही.

लीनचा कोड आला की माझा पहिला हात जातो व्हॅक्यूमच्या पायपांवर. बारा वर्षांत रबर कडक होऊन चिरतंच. ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकला नेणारा) पाइप, इनटेक मेनिफोल्डचं गॅस्केट, सगळं बघा. खोटी हवा आत येत असेल तर लीन दाखवणारच.

एक विचारतो. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पुढून टिक टिक टिक असा आवाज येतो का? आणि गाडी तापली की तो जातो का?

ओमकार_८७
काका, तो टॅपेटचा आवाज असतो ना?

काका_सांगलीकर
असतो की टॅपेटचा पण. म्हणून तर विचारतोय.

स्टुटगार्टकर
धागा रस घेऊन वाचतोय. इथे जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडीची मुख्य तपासणी आणि २०१० पासून धुराची तपासणी तिचाच भाग. पेट्रोल गाडीला इथेही आयडलचा सीओ, वाढवलेल्या आयडलचा सीओ आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. म्हणजे आपल्या बीएस-४ च्या पीयूसीसारखंच. फरक हा की तोच माणूस त्याच भेटीत गाडी लिफ्टवर घेऊन सायलेन्सरचे जोड, ब्रेक, टायर सगळं बघतो. एक्झॉस्ट कुठे फुटलेला असला तर धुराचे आकडे घेण्याआधीच ते लक्षात येतं. आपल्याकडे नळी घातली, आकडा आला, संपलं. खाली वाकून कुणी बघत नाही.

घाटवाट
मंडळी, एवढे प्रतिसाद पाहून बरं वाटलं. मित्राचा डोंगल आणला. गाडी तापलेली, एसी बंद.

आयडल: शॉर्ट टर्म +४ ते +७, लाँग टर्म +१९. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.८ मध्ये भराभर हलतोय. मागचा मात्र ०.८ च्या वर जवळपास स्थिर.
२५०० आरपीएम: शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास, लाँग टर्म +६. मागचा ०.७ च्या आसपास.
कूलंट ८८.

@काका, हो! सकाळी टिकटिक येते. पाचेक मिनिटांत जाते. मी टॅपेटच समजत होतो, गॅरेजवालेही तसंच म्हणाले.

काका_सांगलीकर
सापडलं बहुतेक. बाई काय म्हणतात बघू.

नलिनी_डोंबिवली
काका, आपण दोघं एकाच जागेवर पोहोचतोय असं दिसतंय. सविस्तर लिहिते, कारण हा घोळ फार गाड्यांत होतो आणि फार कॅट विनाकारण बदलले जातात.

आधी ट्रिम म्हणजे काय ते. ईसीयूकडे इंधनाचा एक नकाशा असतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. ऑक्सिजन जास्त दिसला तर मिश्रण लीन आहे असं समजून ईसीयू पेट्रोल वाढवतो, कमी दिसला तर घटवतो. नकाशापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय, तो आकडा म्हणजे ट्रिम. तुमच्याकडे आयडलला दोन्ही मिळून पंचवीसच्या आसपास जादा. सेन्सर सतत 'हवा जास्त, हवा जास्त' असं ओरडतोय आणि ईसीयू पेट्रोल ओततोय. पी०१७१ त्यातूनच आला.

आता दोन शक्यता. पहिली, काका म्हणाले ती: इनटेकमधून मोजमापाबाहेरची हवा खरोखर आत येते. दुसरी, इंजिनात सगळं ठीक, पण पुढच्या सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला फट आहे आणि तिथून बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोहोचतेय. चहा पुरेसा गोड असताना फक्त चाखणाऱ्याच्या कपात कुणी पाणी ओतलं, तर तो आणखी साखर मागणारच.

नुसता ट्रिम बघितला तर दोन्ही बिघाड सारखेच दिसतात: आयडलला मोठा आकडा, आरपीएम वाढवला की लहान. इनटेकच्या फटीत याचं कारण असं की आयडलला एकूण हवाच कमी, म्हणून चोरट्या हवेचा वाटा मोठा. एक्झॉस्टच्या फटीत धूर ठोक्याठोक्याने जातो, दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा क्षणभर खाली येतो आणि फट हवा आत ओढते. रेस दिली की धुराचा लोंढा वाढतो आणि ही ओढ नगण्य होते.

दोन्हींतला फरक कळतो गॅस ॲनालायझरवर. इनटेकची गळती असती तर वाढवलेलं पेट्रोल जादा हवेला पुरलं असतं, मिश्रण पुन्हा लॅम्डा १ वर आलं असतं आणि सीओ वाढला नसता. तुमचा ०.८२ आहे. म्हणजे वाढवलेल्या पेट्रोलला जोडीदार हवा इंजिनात नव्हतीच. शिवाय कॅटच्या मागचा सेन्सर आयडलला ०.८ च्या वर बसलाय, तोही सांगतोय की आलेला धूर रिच, म्हणजे जादा पेट्रोलचा, आहे. निष्कर्ष: मिश्रण खरंच रिच आहे, फक्त पुढच्या सेन्सरला ते लीन भासतंय. सेन्सर नवा आहे म्हणून त्याच्यावरचा संशय कमी. उरली एक्झॉस्टची फट, सिलिंडर हेड आणि पुढचा सेन्सर यांच्या मध्ये कुठेतरी.

आणि कॅटबद्दल. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम कितीही ताजे असले तरी सीओ जाळायला ऑक्सिजन लागतो. रिच धुरात तो नसतो, म्हणून सीओ तसाच बाहेर पडतो. २५०० ला मिश्रण सावरतं तसा सीओ ०.२४ वर उतरतोय, म्हणजे कॅटमध्ये जीव असण्याची शक्यता बरीच. नवा कॅट टाकला असता तरी सीओ फारसा हलला नसता.

विस्फारित
ताई, असं कुणी कॉलेजात शिकवलं असतं तर केटी लागली नसती. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

काका_सांगलीकर
बाईंनी आकड्यातून काढलं, मी आवाजातून. थंड असताना एक्झॉस्ट मेनिफोल्डचं (हेडमधला धूर गोळा करणाऱ्या पाइपाचं) गॅस्केट फुंकतं, त्याची टिकटिक. तापलं की लोखंड फुगतं, फट कमी होते, आवाज बंद होतो. पण सूक्ष्म फट राहतेच. टॅपेट असता तर गरम झाल्यावरही थोडा ऐकू आला असता आणि रेसबरोबर वाढला असता. माझा व्हॅक्यूमचा अंदाज मागे घेतो, सीओचा मुद्दा पटला.

आता बघायचं कसं ते सांगतो. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. मेनिफोल्डवरचा पत्रा, ते उष्णतेचं कव्हर, काढा. त्याचे बोल्ट गंजलेले असणार, सांभाळून. टॉर्च घेऊन हेडच्या कडेने काळा फराटा दिसतो का बघा. काजळीचा पट्टा दिसला की तिथंच गळती. दिसलं नाही तर घरचा व्हॅक्यूम क्लीनर घ्या, पाइप उलटा लावून हवा फेकणारा करा, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी गुंडाळून बसवा आणि मेनिफोल्डवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतील. इंजिन थंड आणि बंद असलं पाहिजे. गरम मेनिफोल्डला हात लावू नका.

खाडीपलीकडे
थोडं अवांतर. माझी डिझेल आहे, बीएस-३, रत्नागिरीत रजिस्टर. काळा धूर सोडते. मेकॅनिक म्हणतो ईजीआर व्हॉल्व्ह पत्रा लावून बंद करूया, धूर जाईल. करू का?

काका_सांगलीकर
धूर कमी होईल खरा. पण आधी व्हॉल्व्ह काढून बघा. कार्बनने अडकून उघडाच राहिला असेल तर साफ करून चालतो.

नलिनी_डोंबिवली
पत्रा लावू नका. ईजीआर थोडा धूर परत इंजिनात घेतो, ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी बनतात. ईजीआर बंद केला की काजळी कमी होते आणि हे वायू वाढतात. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात, तुमच्या बीएस-३ ला मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. नायट्रोजनची ऑक्साइडं तिथे मोजलीच जात नाहीत. म्हणजे गाडी पास होईल आणि हवा आधीपेक्षा खराब करेल. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हे हलक्यात घेता येत नाही. व्हॉल्व्ह साफ करा, एअर फिल्टर बघा, टर्बोचा पाइप फुटलाय का बघा, इंजेक्टर तपासून घ्या. पुढची चर्चा वेगळ्या धाग्यात करू.

खाडीपलीकडे
पटलं. नवा धागा काढतो.

सह्यपठार
घाटवाट, एक सावधगिरी. गळती मेनिफोल्डला असेल तर धूर बॉनेटखाली सुटतोय. तिथूनच विंडशील्डखालच्या जाळीतून केबिनची ताजी हवा आत येते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दुरुस्ती होईपर्यंत सिग्नलला किंवा घाटातल्या कोंडीत काच थोडी खाली ठेवा आणि गाडी चालू ठेवून आत झोपू नका. लहान मुलं असतील तर ताम्हिणीची फेरी पुढे ढकला.

घाटवाट
@सह्यपठार, हे डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. माणगावला एसटीने जाऊ.

रिंगरोड
नाना पेठ जवळच आहे तुम्हाला, गॅस्केट तिथे मिळेल. चार स्तरांचं स्टीलचं घ्या, पातळ पत्र्याचं घेऊ नका.

घाटवाट
सापडलं!

कव्हर काढलं आणि टॉर्च मारला. चौथ्या सिलिंडरपाशी, मेनिफोल्ड जिथे हेडला मिळतो तिथे बोटभर रुंद काळा फराटा. साबणाच्या पाण्याने बुडबुडेही तिथेच. एक नट हाताने फिरतोय इतका सैल. त्याच गॅरेजच्या मालकांना येऊन बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं, मान्य केलं, आणि कॅटचा विषय तिथेच थांबला. उद्या मेनिफोल्ड काढतील. काढताना काय काळजी घ्यायला सांगू?

काका_सांगलीकर
शाब्बास. आता नीट ऐका, खरं काम इथंच आहे.

एक. सगळ्या स्टडवर (मेनिफोल्ड हेडला धरणारे आट्यांचे दांडे) गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा, दोन-तीनदा. घाईनं पाना मारला की स्टड तुटतो. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा, बारा वर्षं तापून एकमेकांना चिकटलेले.
दोन. तुटलाच तर ड्रिल मारून हेडचे आटे खराब करू नका. उरलेल्या बुंध्यावर नट ठेवून वेल्डिंग मारायचं. वेल्डिंगच्या तापानं गंज सुटतो आणि नट फिरवला की बुंधा बाहेर येतो. हेडला हलकं उबदार ठेवलं तर आणखी सोपं.
तीन. मेनिफोल्ड काढला की त्यावर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघायचं. एका कोपऱ्यात गेज जास्त आत जात असेल तर मेनिफोल्ड वाकलाय. तसाच बसवला तर नवं गॅस्केट काही महिन्यांत पुन्हा फुंकेल. लेथवाल्याकडून फेस मारून, म्हणजे तोंड सपाट करून, घ्या.
चार. गॅस्केटला सीलंट फासू देऊ नका. काही लोक लाल सिलिकॉन लावतात. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला आणि कॅटला मारक असते.
पाच. नट मधल्यापासून बाहेर, आळीपाळीनं, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. गाडीच्या पुस्तकात जो टॉर्क असेल तोच. हातानं अंदाज नको.

स्टुटगार्टकर
काकांच्या चौथ्या मुद्द्याला पुस्ती. सेन्सर काढायचा असेल तर त्याच्या आट्यांना तांब्याची किंवा निकेलची अँटीसीझ (आटे चिकटू न देणारी) पेस्ट अगदी थोडी लावा, टोकाला लागू देऊ नका.

पेट्रोलपंपाशेजारी
वाचून डोळे उघडले. मला ई-२० ची खात्रीच वाटत होती. पण नलिनीताई, मग माझ्या गाडीचं उतरलेलं ॲव्हरेज?

नलिनी_डोंबिवली
तुमच्यासाठी ई-२० चं कारण शक्य आहे. पण ट्रिमचे आकडे दिल्याशिवाय मी ते नक्की म्हणणार नाही. दोन्ही ट्रिम मिळून दहाच्या आत असतील तर इंधनाकडे बोट दाखवता येईल, त्याहून बरेच वर असतील तर तुमच्याही गाडीत काहीतरी आहे.

घाटवाट
मेनिफोल्ड निघाला. एक स्टड तुटला, काका म्हणाले तसाच नट वेल्ड करून काढला. तो मुद्दा मी आधीच सांगून ठेवला होता म्हणून ड्रिल हातात कुणी घेतलं नाही. पट्टी लावली तर चौथ्या सिलिंडरच्या टोकाला मेनिफोल्ड उचललेला, गेज सहज आत जात होता. लेथवर फेस मारून आणला. नवं गॅस्केट, सगळे नवे स्टड आणि नट.

मेनिफोल्ड बाहेर होता तेव्हा कॅटमध्ये टॉर्च मारून बघितलं. जाळी अखंड, वितळलेली नाही, हलवल्यावर खुळखुळ नाही.

कोड पुसला, ट्रिम शून्यावर आणून दोन दिवस चालवली. आता आयडलला लाँग टर्म +४, २५०० ला +३. मागचा सेन्सर ०.६५ ला शांत. सकाळची टिकटिक बंद. आणि पीयूसी:

आयडल सीओ ०.०४, हायड्रोकार्बन ३८.
२५०० ला सीओ ०.०३, लॅम्डा १.००.

पास! एकूण खर्च साडेचार हजारांच्या आत, त्यात लेथ आणि वेल्डिंग धरून.

विस्फारित
अभिनंदन! उरलेल्या तीस हजारांत नलिनीताई आणि काकांना मिसळ पाजायला हवी.

काका_सांगलीकर
सांगलीला या, भडंग मी देतो.

पक्या_नाशिक
घाटवाट, अभिनंदन. माझ्या ओळखीच्या माणसाचा नंबर मी पुसलाय.

नलिनी_डोंबिवली
फारच छान. ०.८२ वरून ०.०४, तोच कॅट, तेच इंजिन. उरलेला +३, +४ बहुधा ई-२० चाच वाटा आहे, म्हणजे पेट्रोलपंपाशेजारी यांचा मुद्दा अगदीच वाया गेला नाही.

एक पुढच्या वाचकांसाठी. कुणाचा कॅट खरंच गेलाच आणि बदलावा लागला, तर जुना गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. आतल्या मौल्यवान धातूंमुळे त्याला भंगारात चांगला भाव असतो. बिलात तो वजा करून मागा.

सह्यपठार
घाटवाट, नट पुन्हा आवळायचे आहेत का काही दिवसांनी?

घाटवाट
हाच प्रश्न मलाही पडलाय. काका?

काका_सांगलीकर
गॅस्केटच्या पाकिटावर आणि गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा. काही स्टीलच्या गॅस्केटांना पुन्हा आवळायचं नसतं. लिहिलेलं असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना, त्याच क्रमानं, त्याच टॉर्कला तपासून घ्या. एखादा नट फिरला तर त्याच्यावर लक्ष ठेवा.

मुळशीचा_पाऊस
उशिरा आलो, पूर्ण धागा वाचला. माझी २०१४ ची पेट्रोल, कोड पी०४२०, 'कॅटची कार्यक्षमता कमी'. मलाही कॅट बदलायला सांगितलंय. पीयूसी मात्र पास झाली होती. माझंही गॅस्केटच असेल का?

नलिनी_डोंबिवली
तसं धरून चालू नका, तुमचा कोड वेगळा आहे. पी०४२० येतो मागचा सेन्सर पुढच्यासारखाच वरखाली व्हायला लागला की. कॅट थकल्यावर तो ऑक्सिजन साठवून ठेवू शकत नाही, म्हणून असं होतं. पण मागच्या सेन्सरपाशी सायलेन्सरचा जोड फुंकत असला तरी हाच कोड येऊ शकतो, आणि कधी सेन्सरच जुना झालेला असतो. इंजिन मिसिंग मारतंय का, ऑइल पितंय का, तेही सांगा, कारण कॅट गेला असेल तर तो कशामुळे गेला हे आधी कळायला हवं. नाहीतर नवाही जाईल. गाडी पूर्ण तापवा, २५०० वर धरा आणि दोन्ही सेन्सरचे व्होल्ट, दोन्ही ट्रिम आणि पीयूसीच्या कागदावरचे चारही आकडे इथे टाका.

मुळशीचा_पाऊस
ऑइल पिते थोडं, हजार किलोमीटरला पाव लिटर तरी. डोंगल रविवारी मिळेल, आकडे टाकतो.

काका_सांगलीकर
पाव लिटर म्हणजे थोडं नव्हे. रविवारी प्लग काढून त्यांचेही फोटो टाका, चारही, सिलिंडरच्या क्रमानं.